हात न लावता लढायचं

कुस्तीत समोरच्याच्या मानेवर हात पडतो, कबड्डीत पकड होते, बॉक्सिंगमध्ये ठोसा बसतो. शरीरसौष्ठवाच्या मंचावर यातलं काहीच होत नाही. प्रतिस्पर्धी दीड हातावर उभा असतो, त्याच्या अंगावरचा रंग दिव्यांखाली चमकत असतो, आणि त्याला हरवण्यासाठी त्या घडीला करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. जे करायचं ते आधीच्या तीन-चार महिन्यांत करून झालेलं असतं, आणि तेही सगळं स्वतःच्याच अंगावर. मुंबईतल्या स्पर्धांमध्ये मी आधी वजनकाट्यावर बसायचो, नंतर पंचांच्या टेबलावरही बसू लागलो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसत आली. या खेळात वैर दुसऱ्याशी असतं आणि त्याचे घाव मात्र आपल्याच शरीरावर उमटतात.

आमचा मोसम थंडीत सुरू होतो आणि ऊन चढेपर्यंत चालतो. शिवजयंती, मंडळाचा वर्धापनदिन, एखाद्या नेत्याचा वाढदिवस, असं काहीतरी निमित्त मिळतं. मैदानात नाहीतर सरळ रस्त्याच्या कडेला मंच उभा राहतो, दिवे लागतात, आणि त्या वस्तीच्या नावापुढे ‘श्री’ लावून किताब तयार होतो. त्याच्या वर मुंबई श्री, मग महाराष्ट्र श्री, मग भारत श्री. गिरणगावात हा खेळ वाढला तो चाळींच्या व्यायामशाळांमधून. पाळी संपवून आलेले गिरणी कामगार तिथे दंड-बैठका काढायचे, डबलबार मारायचे, वजनं उचलायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तरी काही व्यायामशाळा अजून तग धरून आहेत. वर पत्रा, भिंतीवर मारुतीची तसबीर, गंजलेल्या प्लेटा आणि नाममात्र वर्गणी. आज एसी जिममध्ये ट्रेनर म्हणून उभी असलेली कितीतरी पोरं या पत्र्याखाली घडली आहेत.

बाहेरच्या माणसाला वाटतं की ज्याचा दंड मोठा तो जिंकतो. दंड सगळ्यांचेच मोठे असतात. निकाल लागतो तो तुलनेत. गटातले सगळे आधी एका ओळीत उभे राहतात, समोरून, बाजूने, पाठीकडून वळून दाखवतात. मग पंच नंबर पुकारायला लावतात. ‘नंबर नऊ, नंबर चौदा, मध्ये या.’ हा पुकारा झाला की मंडपातला आवाज बदलतो. ज्यांचे नंबर आले नाहीत ते बाजूला सरकतात, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून. त्यांना कळलेलं असतं. मग दोघांच्या सात पोझ: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि शेवटी अ‍ॅब्ज-थाय. आम्ही गुण देत नाही, क्रमांक देतो. प्रत्येक पंच आपल्या कागदावर पहिला, दुसरा, तिसरा लिहितो, टोकाचे आकडे वगळले जातात, उरलेल्यांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. म्हणजे तुम्ही किती चांगले आहात हे तिथे कुणीच विचारत नाही. शेजारच्यापेक्षा चांगले आहात का, एवढाच प्रश्न असतो.

माझी स्वतःची बघायची सवय पायांपासून सुरू होते. बॅक डबल बायसेप्स घेताना एक पाय मागे टेकून पिंढरी आवळावी लागते. मी तिथे नजर ठेवतो, मग मांडीची मागची बाजू, मग कुल्ले, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी पाठ आणि दंड. कुल्ल्यांवर बारीक आडव्या रेघा दिसल्या तर समजायचं की या पोरानं तयारीत कुठेही सूट घेतलेली नाही, कारण चरबी तिथून सर्वांत शेवटी उतरते. छाती आणि दंड आरशासमोर घडतात. पाठीमागचे पाय माणसाला स्वतःला दिसत नाहीत, त्यामुळे आळस पहिला तिथे दिसतो. पंच म्हणून माझी मर्जी कुणावर असेलच तर ती ज्याचे पाय पूर्ण आहेत त्याच्यावर असते.

पण खरी चुरस मंचाच्या कितीतरी आधी, वजनकाट्यावर सुरू होते. ५५ किलोपासून पुढे पाच-पाच किलोंच्या पायऱ्यांनी गट असतात. कोण कुठल्या गटात उतरणार, यावर निम्मा निकाल ठरतो. ७६ किलोच्या पोरासमोर दोन वाटा असतात. ८० च्या गटात जायचं, तर भरलेल्या अंगांसमोर तो बारीक दिसणार. एक किलो उतरवून ७५ मध्ये शिरायचं, तर तिथे तो सर्वांत भरलेला दिसेल, पण उतरवताना अंग सुकलं तर सगळंच हातचं जाणार. त्यातून आपला वैरी कुठल्या गटात येतोय याचा अंदाज घ्यायचा असतो. म्हणून वजनाच्या दिवशी कुणी अंगावरचं जॅकेट काढत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत ट्रॅकपॅन्ट, हुडी, डोक्यावर टोपी. पाय तर कुणीच दाखवत नाही. एकमेकांना भेटतात, हात मिळवतात आणि काळजीच्या सुरात एखादं वाक्य सोडतात, ‘भाऊ, चेहऱ्यावर पाणी दिसतंय रे, मीठ बंद नाही केलंस का?’ त्या एका वाक्यानं समोरच्याचा उरलेला दिवस आरशासमोर जातो, हे बोलणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

लालबाग-परळ भागातल्या दोघांची गोष्ट मला इथे सांगायची आहे. नावं नको, दोघांनाही ते आवडणार नाही. एकाला थोरला म्हणतो, दुसऱ्याला धाकटा. वयात सात-आठ वर्षांचं अंतर, व्यायामशाळा वेगवेगळ्या, दोघांमध्ये जेमतेम चार गल्ल्या. थोरला रात्रपाळीत गोदामावर कामाला होता, सकाळी येऊन चार तास झोपायचा आणि दुपारी व्यायामशाळेत. ७५ किलोचा गट बरीच वर्षं त्याचाच होता. धाकटा जिममध्ये ट्रेनर होता, ७० मध्ये जिंकत जिंकत भरत गेला आणि एका मोसमात वर आला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. भांडण झालं म्हणून नव्हे, बोलायला काही उरलंच नाही म्हणून.

बोलत नव्हते, पण एकमेकांची खबर दोघांनाही बारकाईनं असायची. मार्ग एकच, चिकनवाला. दोघेही एकाच दुकानातून माल घ्यायचे, दिवसाला एक-सव्वा किलो, कातडी नसलेलं, फक्त ब्रेस्ट. धाकट्यानं माल वाढवला की थोरल्याला कळायचं, स्पर्धा लांब आहे, हा अजून भरतोय. माल कमी होऊन तो मासळीकडे वळला की कळायचं, शेवटचे आठवडे सुरू झाले. चिकनवाला कुणाला मुद्दाम काही सांगायचा नाही. ‘तो आलाच नाही चार दिवस,’ एवढं म्हणायचा, आणि थोरला त्या रात्री गोदामावर उकडलेल्या भाताचा डबा न उघडताच परत आणायचा. त्याच्या बायकोनं हे मला सांगितलं. तिला राग चिकनवाल्याचा होता.

बायकांचं आणि आयांचं या खेळातलं काम कुणी मोजत नाही. दिवसाचं सहा वेळचं खाणं आणि प्रत्येक वेळचं वेगळं मोजलेलं. पंधरा-वीस अंड्यांचं पांढरं वेगळं काढायचं, पिवळं घरातल्या पोरांना किंवा शेजारी. बिनतेलाचं, बिनमिठाचं चिकन, त्याचा वास दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर. शेवटच्या महिन्यात भात कमी होतो आणि माणूस चिडचिडा होतो, शब्दाला शब्द लावतो, नाहीतर भिंतीकडे बघत बसतो. चरबी इतकी उतरलेली असते की थंडी वाजते, झोप लागत नाही, घरात बायकोकडे बघायचीही इच्छा राहत नाही. बाहेर मात्र लोक सेल्फी घ्यायला थांबवतात. ज्या दिवशी माणूस सर्वांत देखणा दिसतो त्याच दिवशी तो आतून सर्वांत अशक्त असतो. हे ज्यांच्या घरात घडलं नाही त्यांना पटत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? गटात पहिला येणाऱ्याला छोट्या स्पर्धेत जे पाकीट मिळतं ते त्याच्या आठवड्याच्या खुराकालाही पुरत नाही. परदेशात प्रोफेशनल म्हणजे ज्याच्याकडे प्रो कार्ड आहे, जो करारांवर आणि बक्षिसांवर जगतो. आपल्याकडे या खेळावर घर चालवणारा माणूस म्हणजे सकाळ-संध्याकाळ ट्रेनरकी, मधल्या वेळात स्वतःचा व्यायाम, मोसमात जमतील तितक्या स्पर्धा, कुठे उद्घाटनाला गेस्ट पोझिंग, आणि नशिबानं एखाद्या सप्लिमेंटवाल्याचे चार डबे. खरी नजर असते ती नोकरीवर. रेल्वे, पोलीस, कस्टम्स, नौदल, जिथे खेळाडूंची भरती असते तिथे. त्या भरतीत पदकाचा रंग आणि स्पर्धेचा दर्जा बघितला जातो, म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात कधीकधी एका माणसाच्या सगळ्या आयुष्याचा फरक पडतो. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. एशियाडमध्ये २००२ ला बुसानला आणि २००६ ला दोहाला होता, मग तिथूनही गेला. त्यात एकाच खेळाच्या अनेक संघटना, प्रत्येकीचा वेगळा भारत श्री. कुठलं प्रमाणपत्र कुठल्या खात्यात चालेल याची चौकशी करत पोरं खेटे घालतात. या गोंधळाचा मला मनापासून राग येतो. पोरं पोटाला चिमटा काढून पदक मिळवतात आणि खिडकीवरचा माणूस विचारतो, ही संघटना मान्यताप्राप्त आहे का?

नवी पोरं खचू नयेत म्हणून मी त्यांना मनोहर ऐच यांची गोष्ट सांगतो. चार फूट अकरा इंच उंचीचा हा बंगाली माणूस, ब्रिटिशांच्या हवाई दलात असताना गोऱ्या अधिकाऱ्यावर हात उचलला म्हणून तुरुंगात गेला आणि तुरुंगातही व्यायाम करत राहिला. १९५१ मध्ये लंडनला मिस्टर युनिव्हर्सच्या स्पर्धेत दुसरा आला. परतायच्या ऐवजी तिथेच राहिला, ब्रिटिश रेल्वेत नोकरी केली, तयारी चालू ठेवली आणि १९५२ ला आपल्या गटात जिंकला. २०१६ मध्ये गेले तेव्हा ते शंभरी ओलांडून गेले होते. त्यांच्यानंतर १९८८ मध्ये पंजाबच्या प्रेमचंद डेगरांनी मिस्टर युनिव्हर्स मारली आणि १९९० ला त्यांना पद्मश्री मिळाली. मग आपल्या कोल्हापूरच्या मातीतले सुहास खामकर आणि संग्राम चौगुले, एक मिस्टर एशिया, दुसरा मिस्टर युनिव्हर्स. आमच्या पोरांच्या मोबाइलवर आज जगभरचे व्हिडिओ असतात, पण व्यायामशाळेत त्यांच्या तोंडी नावं येतात ती या दोघांची, कारण मराठी बोलणारा माणूस तिथपर्यंत पोचू शकतो याचा तो पुरावा आहे.

आता थोरल्या-धाकट्याच्या एका वजनाच्या दिवशी काय झालं ते सांगतो. एका शाळेच्या वर्गात काटा मांडला होता, बाकं भिंतीला लावून. धाकटा लवकर आला, ७४.६ भरला, नाव लिहून घेतलं. तो गेला नाही, मागच्या बाकावर हुडी ओढून बसून राहिला. थोरला शेवटी आला. काट्यावर चढला, आकडा ७५.४ वर थांबला. उतरला, अंगावरची बनियन काढली, पुन्हा चढला, ७५.३. अशा वेळी वजन आणायला अर्ध्या तासाची मुदत मिळते. थोरल्यानं दोन जॅकेटं चढवली, कानटोपी घातली आणि शाळेचा जिना धरला. तळमजला ते तिसरा मजला, वर-खाली. पाणी त्यानं आदल्या दुपारपासूनच सोडलं होतं. घाम यायलाच तयार नव्हता. दर फेरीला वर्गाच्या दारावरून जाताना त्याच्या बुटांचा आवाज यायचा, आणि फेरीगणिक तो आवाज जड होत होता.

धाकट्याला आनंद व्हायला हवा होता. थोरला ८० मध्ये ढकलला गेला असता तर ७५ धाकट्यासाठी मोकळा होता. पण तो उठून माझ्यापाशी आला आणि विचारलं, ‘सर, यादी बंद व्हायला अजून वेळ आहे ना?’ मी घड्याळ दाखवलं, बारा मिनिटं होती. तो परत जाऊन बसला नाही. दारात उभा राहिला, जिन्याकडे बघत. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, हा माणूस आज माझ्या गटात आला नाही तर काय, याची. त्यानं दोन वर्षं ज्या पाठीला हरवण्यासाठी स्वतःची पाठ घडवली, ती पाठ शेजारी उभी नसेल तर त्या पदकाची किंमत लालबागमध्ये कुणी केली नसती, आणि त्यानं स्वतः तर नाहीच नाही. थोरला आला, काट्यावर चढला, आकडा ७५ वर टेकला. मी नाव लिहिलं. धाकट्यानं बॅग उचलली आणि एक शब्दही न बोलता निघून गेला.

संध्याकाळी मंचामागे थोरल्याची अवस्था मला दुरूनच दिसली. मंचामागची खोली म्हणजे एरवी फार जिवंत जागा. कुणी कुणाच्या पाठीला ब्रशनं रंग मारतोय, कुणी रबर ओढून अंग फुगवतोय, कुणी भिंतीला हात टेकून पुशअप काढतोय, कोपऱ्यात तांदळाचे केक आणि मध. डंबेल मोजके असतात, आणि जो आधी पोचतो तो ते सोडत नाही. थोरला मात्र खुर्चीवर बसून होता. तो पंप करत होता तरी नसा वर येत नव्हत्या. स्नायूचा जवळजवळ पाऊण हिस्सा पाणीच असतं. शेवटच्या दिवसांत भात, रताळी वाढवतात ती स्नायूत ग्लायकोजेन भरावं म्हणून, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी स्नायूत ओढून घेतं. पाणीच नसेल तर भात खाऊन उपयोग काय? कातडीखालचं पाणी काढायला गेलेल्या माणसाच्या स्नायूतलंही पाणी जातं आणि अंग ‘फ्लॅट’ होतं, फुग्यातली हवा गेल्यासारखं. आणखी दोन किलोनं भरलेला दिसला असता असा माणूस त्या रात्री कोरडा आणि चपटा दिसत होता.

तुलनेला मी दोघांनाच बोलावलं. पहिल्या तीन पोझपर्यंत थोरल्याच्या अनुभवानं त्याला तारलं. त्याचं साइड चेस्ट त्या काळात मुंबईत सर्वांत देखणं होतं. छाती भरून तो एका ठेक्यात वळायचा आणि मंडप ओरडायचा. पण अ‍ॅब्ज-थायला त्याच्या उजव्या मांडीत गोळा आला. गुडघ्याच्या वर मांसाची गाठ उभी राहिलेली मला टेबलावरून दिसली. पोझ धरून ठेवायला लागते, पंच ‘रिलॅक्स’ म्हणेपर्यंत. त्यानं धरली. ओठ ताणून हसतच राहिला, पण मांडीचं कापरं लपलं नाही. मी कागदावर धाकट्याला पहिला लिहिलं. बाकीच्या टेबलांवरही तेच झालं असणार, कारण बेरीज सरळ लागली.

त्याच मोसमात, दुसऱ्या एका स्पर्धेत, विशीतला एक पोरगा मंचामागे कोसळला. त्यानं लघवीच्या गोळ्या घेतल्या होत्या, कुणी दिल्या ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. ओठ निळसर, छातीचे ठोके वेडेवाकडे, बोटं आत वळलेली. रंग मारलेल्या अंगावर ईसीजीच्या पट्ट्या चिकटेनात, म्हणून नर्सनं स्पिरिटनं आधी छातीवरचा रंग पुसला. तो वाचला. या गोळ्या पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर काढतात, आणि पोटॅशियम बिघडलं की हृदयाचा ताल बिघडतो. काही प्रकारच्या गोळ्यांनी उलट होतं, पोटॅशियम साठून राहतं, आणि त्यावर पोरं ‘क्रॅम्प येऊ नये’ म्हणून पोटॅशियमच्याच गोळ्या खातात. दोन्हीकडून धोका तोच. जगात हे नवीन नाही. मोहम्मद बेनअझिझा हा अल्जीरियन वंशाचा फ्रेंच खेळाडू १९९२ मध्ये हॉलंडमधली स्पर्धा जिंकून काही तासांत गेला. ऑस्ट्रियाचा आंद्रेयास म्युन्झर, ज्याच्या अंगावरच्या रेघा आजही पोरं मोबाइलवर झूम करून बघतात, १९९६ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेला.

स्टेरॉइडबद्दल बोललं की आमच्या खेळातले जुने लोक माझ्यावर नाराज होतात. मी बोलणार. ‘सायकल’, म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स, हा शब्द सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या तोंडी आहे. आता त्यात मेफेंटरमाइनची भर पडली. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर डॉक्टर वापरतात ते हे इंजेक्शन, आणि जिमच्या मागच्या खोलीत ते ‘ताकद येते’ म्हणून टोचून घेतलं जातं. पोरं हे मौजेसाठी करत नाहीत. शेजारच्या व्यायामशाळेतला घेतो म्हणून घेतात. मघाशी वैराबद्दल म्हटलं ते हेच. प्रतिस्पर्ध्याला धक्का मारता येत नाही, त्याच्या ताटात हात घालता येत नाही, म्हणून माणूस स्वतःच्या यकृतावर, स्वतःच्या हृदयावर वार करत सुटतो, आणि ते वार बाहेरून स्नायूंसारखे दिसतात.

रॉनी कोलमन आणि जे कटलर यांची चुरस आमच्या पिढीनं डोळ्यांत तेल घालून पाहिली, आधी मासिकांत आणि मग सीडीवर. कोलमन टेक्सासमधला पोलीस, १९९८ ते २००५ असा ओळीनं आठ वेळा मिस्टर ऑलिम्पिया. कटलर २००१, २००३, २००४, २००५, चार वेळा त्याच्यामागे दुसरा. तरी माणूस परत परत आला आणि २००६ ला त्यानं कोलमनला खाली खेचलं. ही चिकाटी खरी आहे, ती मी पोरांना सांगतो. पण त्याच्याबरोबर दुसरी गोष्टही सांगतो. कोलमन ३६० किलोंहून अधिक वजन पाठीवर घेऊन बैठक मारायचा. त्याच्या कण्याच्या आणि खुब्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि आज तो कुबड्यांशिवाय चालू शकत नाही. त्याला पश्चात्ताप नाही, असं तो स्वतः सांगतो. तो त्याचा निर्णय, मी त्याबद्दल बोलणार नाही. माझ्या काट्यावर येणाऱ्या पोराच्या आईला मात्र तोंड मला दाखवायचं असतं.

मुलींच्या स्पर्धा वाढल्या, हे मला या काळातलं सर्वांत चांगलं घडलेलं वाटतं. त्यांच्या वाट्याला एक ज्यादा लढाई येते, ती घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी. ट्रॅकसूटमध्ये पदक गळ्यात घालून चाळीच्या जिन्यात शिरणाऱ्या मुलीला आधी कपड्यांवरून प्रश्न येतो आणि मग पदकावरून. त्यांच्यात वैर कमी असतं असं मला म्हणायचं नाही, तेवढंच असतं. पण मंचामागे त्या एकमेकींच्या पाठीला रंग लावतात, कारण लावायला दुसरं कुणी आलेलंच नसतं.

थोरला त्यानंतर आणखी दोन मोसम उतरला. पुढच्या वर्षी तो आठवडाभर आधीच ७५ च्या आत होता, पाणी पीत होता, आणि त्या वर्षी त्यानं धाकट्याला हरवलं. मंचावरून उतरताना धाकट्यानं त्याला विचारलं, ‘पाणी कधी बंद केलंस?’ इतक्या वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य. थोरला म्हणाला, ‘केलंच नाही.’ तिथून बोलणं सुरू झालं आणि ते त्याच विषयावर सुरू राहिलं, भात किती, मीठ किती, झोप किती. जगात दुसरं कुणीच नव्हतं ज्याच्याशी हे इतक्या तपशिलात बोलता आलं असतं. धाकट्याला पुढे खेळाडूंच्या भरतीतून नोकरी लागली. थोरल्याचं वय निघून गेलं होतं.

मी आता संघटनेच्या प्रत्येक बैठकीत एकच विषय लावून धरतो. काट्याशेजारी डॉक्टर हवा, रक्तदाबाचं यंत्र हवं, आणि डॉक्टरनं ‘नाही’ म्हटलं तर पंचानं नाव खोडायचं, मग पोरगा कुणाचाही असो. छोट्या आयोजकांना खर्च परवडत नाही, असं उत्तर येतं. मंचावरच्या फुलांच्या कमानीचा खर्च बघा, असं मी म्हणतो. काही ठिकाणी मान्य झालंय, बऱ्याच ठिकाणी अजून नाही.

थोरला आणि धाकटा आता दोघेही पोरं तयार करतात, आपापल्या व्यायामशाळेत. यंदा दोघांचाही एकेक पोरगा ६५ च्या आसपास आहे. मोसम जवळ आला की दोघांचे फोन सुरू होतात. आधी थोरल्याचा, ‘सर, त्याचा कुठल्या गटात उतरतोय?’ तासाभरात धाकट्याचा, तोच प्रश्न. दोघांनाही मी सांगतो, ते काट्यावर कळेल, आणि येताना पोराला पाणी पाजून आणा.